डिस्प्ले आल्यानंतर

जुन्या मशीनच्या हार्ड डिस्कवर घरातले वर्षानुवर्षांचे फोटो साठले होते. शिवाय घरच्या माणसांचे आवाज असलेल्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या बाकी होत्या. जुनं मशीन त्या कामाला पुरं पडेना, म्हणून नवा डेस्कटॉप घ्यायचं ठरलं, आणि तो तयार न घेता सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा हे मी पक्कं केलं. जिथे हा सगळा ठेवा राहणार, त्या खोक्याच्या आत काय आहे हे मला स्वतःच्या हातांनी माहीत करून घ्यायचं होतं.

भाग निवडताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. पहिली म्हणजे प्रोसेसर अंगचं ग्राफिक्स असलेला हवा. वेगळं ग्राफिक कार्ड पुढे कधीही लावता येतं. पण काही बिघडलं की कार्ड काढून थेट मदरबोर्डवरून डिस्प्ले घेता येणं निदानाच्या वेळी फार उपयोगी पडतं. दुसरी, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हलक्या प्रतीचा घ्यायचा नाही. सगळ्या भागांना वीज तिथूनच जाते, आणि तिथली गडबड भलत्याच भागाच्या दुखण्यासारखी दिसते. बाकी मग एक एनव्हीएमई एसएसडी (चिपांवर माहिती ठेवणारी जलद डिस्क), फोटोंसाठी वेगळी मोठी हार्ड डिस्क, डीडीआर५ जातीच्या रॅमच्या (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरणाऱ्या मेमरीच्या) १६ जीबीच्या दोन पट्ट्या आणि हवा खेळती ठेवणारं साधं कॅबिनेट.

कॅबिनेटमध्ये काही बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून मशीन सुरू करून बघ, हे दादानं आधीच सांगून ठेवलं होतं. माझा मोठा भाऊ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत मुरलेला आहे. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅम आणि वीज, एवढंच जोडायचं. त्यात डिस्प्ले आला तर पुढचा प्रत्येक भाग जोडताना बिघाड कुठून आला हे कळतं. सगळं आत स्क्रूंनी आवळून झाल्यावर कळलं तर सगळंच पुन्हा उघडावं लागतं.

प्रोसेसर बसवताना हात जपून चालवावा लागतो. आताच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांच्या पोटाला पिना नसतात, सपाट सोनेरी ठिपके असतात. नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात. माझ्या बोर्डवरच्या एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये त्या १७१८ आहेत. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो वरून अलगद सोडायचा, दाबायचा अजिबात नाही. जोर लागतो तो नंतर, कडी खाली आणताना. तेव्हा करकर आवाज येतो आणि छातीत धस्स होतं, पण तेवढा दाब तिथे लागतोच, कारण प्रत्येक ठिपका आपापल्या पिनेवर घट्ट टेकायला हवा.

रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण कारण सहसा दिलेलं नसतं. बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलच्या (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एका वाटेच्या) दोन खाचा एकाच तारेवर ओळीने असतात. जवळच्या खाचेत पट्टी लावली आणि दूरची रिकामी राहिली, तर पुढे उरलेल्या मोकळ्या तारेच्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. टोकाची खाच भरली की तार तिथेच संपते. डीडीआर५ च्या वेगाला ही गोष्ट फार जाणवते.

विजेच्या दोन जोडण्या झाल्या, २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरसाठीची ८ पिनांची. कॅबिनेटचं बटण अजून जोडलेलं नव्हतं, म्हणून बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच, आणि बोर्डच्या कडेला रॅमच्या नावाचा छोटा दिवा पेटून राहिला.

इथे पहिल्यांदाच डीडीआर५ जोडणारा माणूस हमखास घाबरतो आणि मशीन बंद करतो. मला दादानं बजावलं होतं, "तो दिवा पेटला तरी हात लावू नकोस. थांबून राहा." पहिल्यांदा सुरू होताना बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम, रॅमचं ट्रेनिंग करतं. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या प्रत्येक तारेची लांबी किंचित वेगळी, प्रत्येक चिपचा स्वभाव किंचित वेगळा. कुठल्या तारेवरचा सिग्नल नेमका कधी वाचायचा आणि किती व्होल्टला "एक" मानायचं, हे बायॉस खोटा मजकूर लिहून-वाचून शोधत जातं. मैफलीआधी तंबोरा जुळवतात, तसंच हे काम. याला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. सापडलेली मापं बायॉस जपून ठेवतं, त्यामुळे पुढच्या वेळी मशीन लवकर उठतं. माझा पडदा बराच वेळ काळा राहिला, मग एकदम बायॉसचं पान उमटलं. दोन्ही पट्ट्या, ३२ जीबी, सगळं जागच्या जागी.

कॅबिनेटमधलं काम त्यामानाने सरळ. बोर्डखाली पितळी ठोकळे बोर्डच्या भोकांबरोबरच हवेत. एखादा जादा ठोकळा भलत्या जागी राहिला तर बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट करू शकतो. समोरच्या बटणाच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र अधिक-उणे पाहून लावाव्या लागतात. केबल बांधल्या, विंडोज टाकलं, ड्रायव्हर टाकले. बायॉसमध्ये रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं, म्हणजे रॅम खोक्यावर छापलेल्या ६००० च्या वेगाने चालेल. जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर उतरवायला सुरुवात झाली आणि कॅसेटचं कामही लागलं.

सुरुवातीचे काही दिवस मशीन उत्तम चाललं. मग बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) चुकल्याचा संदेश आला; मशीन रिस्टार्ट करून पुन्हा उघडली तर बिनतक्रार उघडली. ब्राउझरमधलं एखादं पान आपोआप कोसळायचं. मग विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला, त्यावर मेमरी मॅनेजमेंट असं नाव. पुढच्या वेळी पेज फॉल्टचं नाव. त्याच्या पुढच्या वेळी आणखी तिसरंच. एकदा तर निळा पडदाही न येता मशीन सरळ रिस्टार्ट झालं. विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद होती. तिच्यावर लोक फार विसंबतात, पण तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता थांबलं. कशामुळे थांबलं हे ती सांगत नाही.

दादाला फोन केला. मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलू का असं विचारलं.

"नाव दर वेळी वेगळं येतंय ना?" तो म्हणाला. "एकच ड्रायव्हर बिघडला असता तर फिरून फिरून त्याचंच नाव आलं असतं. आणि एवढ्यात फॉरमॅट मारू नकोस. वही घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, मग मशीन वापर, काय झालं ते लिही, मगच पुढची बदल."

वही घेतली. आता मागे वळून पाहता त्या वहीइतकं उपयोगाचं दुसरं कुठलंही हत्यार या कामात नव्हतं. कधीमधी येणारा बिघाड माणसाच्या आठवणीला फसवतो. काहीतरी बदलल्यावर दोन दिवस शांततेत गेले की "तेच होतं" असं मन म्हणायला लागतं. वहीत तारीख, त्या दिवशी बदललेली गोष्ट आणि त्यानंतर मशीन किती वेळ कशा कामाला लावलं हे असलं की मनाला तसं परस्पर ठरवता येत नाही.

उष्णता आधी तपासली, कारण ती तपासायला सोपी. प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन तापमान पाहिलं, ते मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली राहिलं. मग वीज. सुट्या केबलच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावून ताणाखाली १२ व्होल्ट मोजले. सर्वसाधारण नियम ५ टक्के वर-खाली चालतं असा आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. आकडा त्या हद्दीत स्थिर होता. यावरून एसएमपीएस पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराचा झोल मल्टिमीटरला दिसत नाही. पण संशय खालच्या पायरीवर गेला. एसएमपीएसचं खोकं उघडायचा मोह कुणालाही होऊ नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद पाहिली, खराब सेक्टर नाहीत. त्याच नोंदीत १९९ क्रमांकाच्या ओळीत केबलवरून येताना बिघडलेल्या माहितीची मोजणी असते, तीही शून्य. म्हणजे डिस्कला बोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलवरचाही संशय मिटला.

मग एक्स्पो प्रोफाइल बंद केलं. पुष्कळांना हे माहीत नसतं की खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंग, प्रमाणित वेगापेक्षा जास्त पळवणं. प्रोफाइल बंद केलं की रॅम आपल्या मूळ, प्रमाणित वेगावर येते. माझ्या पट्ट्या ४८०० वर आल्या. कोसळणं कमी झालं. पण थांबलं नाही. वहीत ती नोंद करताना मला वाटलं की आता आपण जवळ आलो आहोत, कारण वेग कमी केल्यावर बिघाडाची वारंवारता बदलली, म्हणजे बिघाड रॅमच्या रस्त्यावर कुठेतरी आहे.

खात्री करण्यासाठी चेकसम वापरला. चेकसम म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवरून काढलेला एक आकडा. फाइलमधला एक बिट, म्हणजे एखादं शून्य किंवा एक, बदलला तरी एसएचए-२५६ या पद्धतीचा चेकसम पार वेगळा येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाच्या आज्ञेने तो काढता येतो. फोटोंचं एक भलंमोठं गाठोडं, रॅमपेक्षाही मोठं, एकाच फाइलमध्ये बांधलं आणि त्याचा चेकसम पुन्हा पुन्हा काढला. डिस्कवरची फाइल तीच, तिला कुणी हात लावलेला नाही, आणि तरी आकडा कधी एक येई, कधी दुसरा. फाइल मुद्दाम मोठी घेतली, कारण छोटी फाइल एकदा वाचली की विंडोज ती रॅममध्येच धरून ठेवतं. ती वाचताना बिघडली तर रिस्टार्ट होईपर्यंत तोच चुकीचा आकडा इमानेइतबारे परत येत राहतो आणि डिस्कवरची फाइलच खराब आहे असं वाटतं. माझ्या झिप फाइलचं कोडंही इथे सुटलं. डिस्कवर ती चांगलीच होती, रॅममधली तिची प्रत बिघडली होती.

आता मेमटेस्ट८६ प्लस. हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून थेट बूट होतो, मध्ये विंडोज नाही, ड्रायव्हर नाहीत. तो रॅमच्या जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो, उलटे करून पुन्हा लिहितो. ३२ जीबीची एक पूर्ण फेरी व्हायला तास लागतात आणि घाई करून उपयोग नसतो, कारण काही दोष काही विशिष्ट नमुन्यांतच बाहेर पडतात. माझ्याही मशीनने सुरुवातीच्या चाचण्या निमूट पार केल्या. बऱ्याच उशिरा लाल ओळी आल्या. पत्ता, लिहिलेला आकडा, वाचलेला आकडा. त्या ओळी एकाखाली एक लावून पाहिल्या तर फरक दर वेळी एकाच बिटचा, आणि तोही त्याच जागेचा.

एक बिट म्हणजे किती, हे सांगायला एक खरी घटना आठवते. २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये एका उमेदवाराच्या खात्यात शक्य नव्हती इतकी जादा मतं दिसली, बरोबर ४०९६. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. मोजणी यंत्राच्या मेमरीत नेमका तेवढ्या वजनाचा एक बिट शून्याचा एक झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. तिथे आकडा अशक्य होता म्हणून कुणाच्या तरी लक्षात आला. फोटोत असा बिट पालटला तर कुणाच्या लक्षात येणार?

लाल ओळीतल्या पत्त्यावरून पट्टी कुठली हे थेट कळत नाही, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर पत्ते दोघींत आळीपाळीने वाटतो. म्हणून पट्ट्यांवर "क" आणि "ख" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एकेकटी तपासली. "क" दुसऱ्या खाचेत: एकही चूक नाही. "ख" त्याच खाचेत: लाल ओळी. एवढ्यावर थांबायचं नव्हतं. "ख" चौथ्या खाचेत नेली, तिथेही लाल ओळी. "क" चौथ्या खाचेत, स्वच्छ. चूक पट्टीबरोबर फिरत होती, खाचेबरोबर नाही. म्हणजे खाचा, बोर्ड आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर यांच्यावरचा संशय मिटला. अशी आडवी-उभी अदलाबदल न करता भाग बदलत सुटलं तर माणूस चांगला बोर्डही परत पाठवतो.

"पण डीडीआर५ मध्ये तर चूक सुधारायची सोय असते ना?" मी दादाला विचारलं. असते, पण तिचा आवाका लहान आहे. डीडीआर५ ची प्रत्येक चिप आपल्या पोटात १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते आणि त्यांच्या आधारे आतल्या आत एका बिटची चूक दुरुस्त करते. त्याहून मोठा दोष असेल, किंवा चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाताना मजकूर बिघडला, तर ही सोय काही करू शकत नाही. पूर्ण रस्ताभर राखण करणारी ईसीसी रॅम वेगळी. तिच्या पट्टीवर त्यासाठी जादा चिपा असतात आणि बोर्ड व प्रोसेसरचाही तिला पाठिंबा लागतो. आजवर साध्या रॅमवर भागतं असं मी मानत होते. घरचा ठेवा ज्या मशीनवर राहणार, त्यासाठी पुढच्या वेळी मी ईसीसीचाच विचार करेन.

पट्ट्या जोडीनेच विकल्या होत्या, म्हणून वॉरंटीत जोडीच बदलून घेतली. नवी जोडी आल्यावर आधी मूळ वेगावर, मग प्रोफाइल चालू करून मेमटेस्टच्या पूर्ण फेऱ्या केल्या. शून्य चुका. इथे शून्याखेरीज दुसरा कुठलाच आकडा पास नसतो. एकदोन चुका तर चालतात, असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. तरी प्रोफाइल मी बंदच ठेवलं. फोटो आणि आवाजाच्या कामात त्या वेगाचा फरक मला जाणवत नाही.

मशीन दुरुस्त झालं, पण मला झोप नव्हती ती वेगळ्याच गोष्टीने. ती खराब पट्टी लागलेली असताना जे काही डिस्कवर उतरलं, त्याचं काय? फाइल कॉपी होते म्हणजे ती जुन्या डिस्कवरून रॅममध्ये येते आणि तिथून नव्या डिस्कवर जाते. मध्ये एक बिट पालटला तर नेहमीच्या कॉपीला ते कळत नाही. आकार तोच राहतो, तारीख तीच राहते, कुठलाही संदेश येत नाही.

जुनी डिस्क मी पुसली नव्हती. ती जुन्या मशीनलाच लावून तिथे सगळ्या फोटोंच्या चेकसमची यादी काढली. नव्या मशीनवर, आता भरवशाची रॅम असताना, प्रतींची यादी काढली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून जुळवल्या. हजारो ओळी तंतोतंत जुळल्या. मोजक्या जुळल्या नाहीत. त्यातले फोटो एकेक करून उघडले. काहींत डोळ्यांना काहीच दिसेना. एका फोटोत मात्र वरचा अर्धा भाग जसाच्या तसा, आणि एका आडव्या रेषेपासून खाली सगळ्या चेहऱ्यांवर हिरवट छटा, चित्रही किंचित सरकलेलं. जेपेग फोटो छोट्या चौकोनांत साठवतो आणि प्रत्येक चौकोनाच्या सरासरी रंगासाठी तो आधीच्या चौकोनापासून किती बदलला एवढाच आकडा लिहितो. मधला एक आकडा बिघडला की त्यापुढचे सगळे चौकोन त्या चुकीवर उभे राहतात. त्या फोटोतली दोन माणसं आता नाहीत. जुन्या डिस्कवरची प्रत उघडून ती शाबूत आहे हे पाहीपर्यंत माझा हात माउसवर थरथरत होता. न जुळलेल्या सगळ्या फाइली जुन्या डिस्कवरून पुन्हा आणल्या आणि याद्या पुन्हा जुळवल्या.

कॅसेटवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांना असा आधार नव्हता, ती थेट नव्या मशीनवरच तयार झाली होती. ती फ्लॅक या, आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात आहेत आणि फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा चेकसम आतच लिहिलेला असतो, म्हणून आधी त्यांच्यावर चाचणी चालवली. बहुतेक फाइली पास झाल्या. पण त्या पास होण्यावर मला विसंबता येईना. आतला चेकसम फाइल बनताना रॅममधल्या आवाजावरून काढला जातो. आवाज त्याआधीच रॅममध्ये बिघडला असेल तर चेकसमही बिघडलेल्या आवाजाचाच निघतो आणि चाचणी बिनबोभाट पास होते. एकाच फितीची दोन मुद्रणं चेकसमने जुळवताही येत नाहीत, कारण फीत दर वेळी किंचित वेगळी वाजते. म्हणून वहीतल्या तारखा पाहिल्या, खराब पट्टी मशीनमध्ये असताना उतरवलेल्या कॅसेट वेगळ्या काढल्या, आणि त्या सगळ्या पहिल्यापासून पुन्हा उतरवायला घेतल्या आहेत. सगळ्यात जुनी फीत आधी लावली, कारण तिच्यावरचा थर सुटायला लागला आहे आणि ती आणखी किती वेळा वाजेल याचा भरवसा नाही.